तळ्यातील पाहुण्या वनस्पती

देवालयाचा कळस दुरून दिसतो, तळे मात्र जवळ गेल्यावाचून दिसत नाही. म्हणूनच की काय, जीर्णोद्धाराचा विचार निघाला की कळस, दीपमाळ, सभामंडप ह्यांना देणगीदार चटकन मिळतात आणि तळ्याचा क्रम शेवटी लागतो. गेल्या काही वर्षांत ह्या स्थितीत पालट होत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. गोमंतकात काय किंवा बेळगावकडे काय, अनेक देवस्थानांच्या समित्या बुजलेली तळी उपसू लागल्या आहेत. परंतु तळे उपसून झाले, गाळ निघाला, पहिल्या पावसाचे पाणी भरले, की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. आता ह्या पाण्यात लावावे काय? कमळे तर हवीतच. कोणी म्हणतो, काठाला हिरवळ हवी. कोणी शहरातील रोपवाटिकेतून जांभळ्या फुलांची रोपे आणून देण्याची तयारी दाखवितो. सभेत टाळ्या पडतात आणि ठराव मंजूर होतो.

असा एक ठराव काही वर्षांपूर्वी आम्हीच लिहून दिला होता. त्याची हकीकत पुढे येईल. त्या ठरावाने आम्हाला ज्या इतिहासाचा अभ्यास करावयास लावला, तो वाचकांपुढे मांडावा एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

तळ्यासंबंधीचा जुना धर्म

प्रथम आपल्या पूर्वजांची दृष्टी पाहू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तळी व बंधारे ह्यांसंबंधी करमाफीची एक तरतूद आहे. नवे तळे बांधणाऱ्याला पाच वर्षांची माफी, मोडून टाकून दिलेले तळे दुरुस्त करणाऱ्याला चार वर्षांची, आणि रानवाढीने झाकून गेलेले तळे मोकळे करणाऱ्याला तीन वर्षांची. ह्या तिसऱ्या तरतुदीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. पाण्यावरील वाढ काढून टाकणे हे त्या शास्त्रकाराला नवे तळे बांधण्याच्या पंक्तीला बसविण्याजोगे काम वाटले. तळ्याचा नाश केवळ बांध फुटल्याने होतो असे नाही, वनस्पतींनी गिळल्यानेही होतो, हे त्याला पुरते ठाऊक होते.

मनुस्मृतीने तळे फोडणाऱ्याला देहदंडापर्यंतची शिक्षा सांगितली आहे, आणि जुन्या तळ्याचे पाणी हरण करणाऱ्याला किंवा त्याचा ओघ अडविणाऱ्याला द्रव्यदंड. परंतु आमच्या मते ह्याहून महत्त्वाची कल्पना आहे ती 'उत्सर्गा'ची. ज्या नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख आमच्या पिढीच्या वकिलांनी परीक्षेसाठी घोकला, त्यांनीच सतराव्या शतकात उत्सर्गमयूख नावाचा ग्रंथ लिहिला. भट्टांचे घराणे मूळचे पैठणचे, पुढे काशीत स्थायिक झालेले. तळे, विहीर, बाग इत्यादी वस्तू लोकार्पण कशा कराव्यात ह्याचा विधी त्या ग्रंथात आहे. महामहोपाध्याय काणे ह्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दान आणि उत्सर्ग ह्यांतील भेद स्पष्ट करून दाखविला आहे. दानाला घेणारा लागतो. उत्सर्गात अमुक एक घेणारा नसतो. तळे बांधणारा त्यावरील आपला हक्क सर्व प्राणिमात्रांसाठी सोडून देतो. त्यानंतर तोही पाणी भरू शकतो, परंतु मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकी एक म्हणून.

ह्याचा अर्थ असा की, उत्सर्ग झालेले तळे समितीचे नसते, महाजनांचे नसते आणि देणगीदाराचे तर नसतेच नसते. खालच्या शेतातील कुळाचे, पाण्याला येणाऱ्या गुराचे, माशाचे, बगळ्याचेही ते असते. म्हणून त्यात एखादी वस्तू घालावयाची झाली तर ती सर्वांच्या पाण्यात घातली जाते, हे भान ठेवावयास हवे. आम्ही ते ठेवले नाही.

सुंदर फुलाचा प्रवास

ज्या वनस्पतीला आपण आज जलपर्णी म्हणतो, तिचा उल्लेख कोणत्याही जुन्या मराठी वा संस्कृत ग्रंथात सापडणार नाही, कारण ती येथली नव्हेच. तिचे माहेर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनचे खोरे. मार्टियुस नावाच्या बव्हेरियन शास्त्रज्ञाने १८१७ ते १८२० ह्या काळात ब्राझीलमध्ये प्रवास केला आणि पुढे युरोपातील विद्वानांना तिचे शास्त्रीय वर्णन करून दिले. तिच्या कुळाला आयकहॉर्न ह्या प्रशियाच्या मंत्र्याचे नाव देण्यात आले. फुगीर देठांवर तरंगणारी तुकतुकीत पाने आणि वर फिकट जांभळ्या फुलांचा तुरा; मधल्या पाकळीवर मोराच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. हे रूप पाहून युरोपातील आणि अमेरिकेतील उद्यानप्रेमी लुब्ध झाले.

१८८४ साली न्यू ऑर्लिन्स शहरी कापसाचे मोठे प्रदर्शन भरले. तेथून ही रोपे भेट म्हणून घरोघर गेली, असे परंपरेने सांगितले जाते. हौशी लोकांनी ती आपल्या डबक्यांत लावली आणि जास्त झाली तेव्हा ओढ्यांत फेकून दिली. १८९० नंतरच्या दशकात फ्लॉरिडातील सेंट जॉन्स नदीवर बोटी चालेनाशा झाल्या. १८९९ साली अमेरिकेच्या काँग्रेसला कायद्याने तिच्या निर्मूलनाची तरतूद करावी लागली. पुढे १९१० साली लुइझियानाच्या एका प्रतिनिधीने, आफ्रिकेतून पाणघोडे आणून नद्यांत सोडावेत म्हणजे ते ही वनस्पती खातील आणि देशाला मांसही मिळेल, असे विधेयक आणले होते. ते नामंजूर झाले. एका पाहुण्याला घालविण्यासाठी त्याहून दांडगा पाहुणा बोलाविण्याचा मोह माणसाला कसा होतो, ह्याचा हा मासला ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

एकोणिसावे शतक संपत असताना ही वनस्पती बंगालमध्ये आली, आणि तीही उद्यानांची शोभा म्हणूनच. पूर्व बंगाल म्हणजे नद्या, खाड्या, बिले आणि पाण्यात उभे राहणारे भात ह्यांचा मुलूख. तिला ह्याहून अनुकूल भूमी कोठे मिळणार? १९१४ च्या सुमारास नारायणगंजच्या व्यापाऱ्यांनी सरकारकडे तक्रार केली की, तागाच्या होड्या पुढे सरकत नाहीत. पुराबरोबर तिचे हिरवे गालिचे शेतांवर चढत आणि उभे पीक दाबून टाकीत. महायुद्धाच्या काळात लोकांनी तिला 'जर्मन पाना' असे नाव दिले. शत्रूचे नाव देण्याइतकी ती नकोशी झाली होती.

१९२१ साली बंगाल सरकारने जगदीशचंद्र बोस ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आसामने १९२६ साली आणि बंगालने १९३६ साली केवळ ह्या एका वनस्पतीसाठी कायदा केला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत तिच्या निर्मूलनाची आश्वासने देण्यात आली, आणि फजलुल हक ह्यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ साली, तिच्याविरुद्ध एक संपूर्ण सप्ताह पाळण्यात आला. हजारो लोक पाण्यात उतरले. ज्या वनस्पतीने निवडणुकीच्या जाहीरनाम्यात स्थान मिळविले, ती एके काळी कोणाच्या तरी बागेतील कौतुकाचे रोप होती, हे विसरता कामा नये.

तिच्या वाढीचे गणित सोपे आहे. अनुकूल उष्णता आणि भरपूर अन्न मिळाले तर दोन आठवड्यांत तिची संख्या दुप्पट होऊ शकते. एका रोपाची दहा दुपटी झाली म्हणजे हजारावर रोपे होतात, आणि दहा दुपटींना पाच महिनेही लागत नाहीत. बी गाळात पडले तर वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. म्हणजे ज्या बापाने रोप लावले त्याच्या मुलाला ते उपटावे लागते.

न्यायालयांनी काय म्हटले

कायद्याच्या विद्यार्थ्याला ह्या इतिहासातील एक धागा फार उद्बोधक वाटेल. १८६८ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा प्रसिद्ध निर्णय दिला. एका गिरणीवाल्याने आपल्या जमिनीत पाण्याचा साठा केला. ते पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले. न्यायालयाने ठरविले की, जमिनीत मुळात नसलेली आणि निसटल्यास अपाय करणारी वस्तू जो तेथे आणून ठेवतो, त्याने ती आपल्या जबाबदारीवर ठेवावी. ती निसटली तर निष्काळजीपणा सिद्ध होवो वा न होवो, भरपाई त्याच्याकडे.

सहाच वर्षांनी, १८७४ साली, हा नियम हिंदुस्थानातील तळ्यांना लावता येईल काय, असा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. अतिवृष्टीने कार्वेटनगरच्या जमीनदाराची तळी फुटून मद्रास रेल्वेचे नुकसान झाले होते. कौन्सिलने सांगितले की, ह्या देशातील तळी ही एखाद्या मालकाची खासगी हौस नव्हे. ती प्राचीन काळापासून चालत आलेली, प्रजेच्या जीविताला आवश्यक असलेली व्यवस्था होय. ती राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे. म्हणून त्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यावाचून तो जबाबदार नाही. आपल्या तळ्यांचे धर्मकार्य परक्या न्यायासनाने ओळखले, असा हा निर्णय.

नंतर १८९० साली इंग्लंडातच एक लहानसा खटला झाला. एका शेतकऱ्याने रान मोडून जमीन नांगरली. तीत काटेरी झुडपे माजली. त्यांचे पिसासारखे बी उडून शेजाऱ्याच्या शेतात पडले. न्यायालयाने सांगितले की, ही झुडपे जमिनीची स्वाभाविक वाढ आहे, ती कापण्याचे शेजाऱ्याच्या प्रती कर्तव्य नाही. म्हणजे जे आपोआप उगवले त्याबद्दल दोष नाही. जे आणून ठेवले त्याबद्दल आहे. पुढे इंग्लंडातील कायदाही ह्या मर्यादेत राहिला नाही. २०१८ साली तेथील अपील न्यायालयाने, रेल्वेच्या जमिनीवरून शेजारच्या घरांकडे सरकणाऱ्या जपानी नॉटवीड नावाच्या वनस्पतीबद्दल रेल्वेला जबाबदार धरले. ही वनस्पतीही मुळात बागेची शोभा म्हणूनच विलायतेत नेण्यात आली होती.

आमची स्वतःची हकीकत

आता त्या ठरावाकडे वळू. गोमंतकातील एका देवस्थानाखाली एक नैसर्गिक तळे आहे. वरच्या चिरेबंदी तळीचे जादा पाणी त्यात येते आणि त्याच्या सांडव्यातून पुढे भातशेतांकडे जाते. तळे उपसून झाल्यावर एका भक्ताने बादलीतून चार रोपे आणली. ही निळी कमळे आहेत, असे त्याने श्रद्धापूर्वक सांगितले. आम्ही समितीचे कायदेविषयक सल्लागार होतो. देणगी साभार स्वीकारल्याचा ठराव आम्ही सुंदर मराठीत लिहिला आणि त्यावर सही केली. रोपाचे नाव विचारावे असे आम्हा कोणालाच सुचले नाही.

पहिल्या वर्षी फुले पाहण्यास लोक आले. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी दिसेनासे झाले. तिसऱ्या वर्षी नौकारोहणाच्या उत्सवापूर्वी पंधरा दिवस माणसे लावून वाट मोकळी करावी लागली. मासे मरून तरंगले होते आणि दर्प देवळापर्यंत येत होता. त्याच वर्षी सांडव्यावरून ती वनस्पती खालच्या शेतांत उतरली. एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे आले. त्यांच्या घरची कागदपत्रे आमच्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडे असत. ते रागावले नव्हते. पायरीवर बसून एवढेच म्हणाले, "वकीलबाब, तुमच्या फुलांनी आमचें शेत खालें."

त्या क्षणी आम्हाला १८९० चा निर्णय आठवला, हे कबूल करताना आज संकोच वाटतो. स्वाभाविक वाढीबद्दल जबाबदारी नाही, हे उत्तर ओठांवर होते. परंतु ते खोटे उत्तर झाले असते. ती वाढ स्वाभाविक नव्हती. ती आम्ही आणली होती, आमच्या सहीने. १८७४ च्या निर्णयाचा आसराही आम्हाला नव्हता, कारण तो निर्णय तळे राखणाऱ्याला संरक्षण देतो, तळ्यात परकी वस्तू सोडणाऱ्याला नव्हे. त्या शेतकऱ्यांनी दावा लावला नाही. समितीने शेते साफ करून दिली आणि पुढील तीन उन्हाळे तळे उपसले. आजही गाळातून एखादे रोप वर येते, आणि ते दिसले की काढावयाचे, हा तेथील नित्यक्रम झाला आहे.

नावाची चूक

आमची चूक नावाची होती, आणि नावाच्या चुकीने मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही फसविले आहे. साल्व्हिनिया नावाची, लहान केसाळ पानांची एक तरंगती वनस्पती १९३९ साली कोलंबोच्या विद्यापीठात अभ्यासासाठी आणली गेली आणि तेथून सिंहलद्वीपभर पसरली. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबाचे धरण झाले, तेथे ती १९५९ साली दिसली आणि १९६२ पर्यंत त्या प्रचंड जलाशयाचा सुमारे पाचवा भाग तिने व्यापला. केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या वेळी सरोवरात ती १९५५ साली आढळली. पुढे कुट्टनाडच्या भातशेतांत आणि कालव्यांत तिने इतका उच्छाद मांडला की लोक तिला 'आफ्रिकन पायल' म्हणून शिव्या देऊ लागले. वास्तविक ती आफ्रिकेची नव्हे, आग्नेय ब्राझीलची.

तिला दुसऱ्याच एका जातीचे नाव चिकटले होते. म्हणून तिचा स्वाभाविक शत्रू शोधणारे शास्त्रज्ञ चुकीच्या प्रदेशात गेले, आणि तेथून आणलेले कीटक निष्फळ ठरले. ती स्वतंत्र जात आहे हे १९७२ साली स्पष्ट झाले. १९७८ साली तिचे खरे माहेर सापडले आणि तेथेच तिला खाणारा लहानसा भुंगेरा मिळाला. ऑस्ट्रेलियातील मून्डारा सरोवरात तो १९८० साली सोडला. दीड वर्षाच्या आत सरोवर मोकळे झाले. आपल्याकडे तो प्रथम बंगळूरच्या एका कमळतळ्यात सोडण्यात आला आणि वर्षाच्या आत त्याने ते साफ केले. नंतर केरळातही त्याने मोठे काम केले. बंगळूरच्या त्या तळ्यातील एक गोष्ट आम्हाला फार हृद्य वाटते. साल्व्हिनियाचे आवरण दूर झाल्यावर खाली दडपलेली जुनी कुमुदे पुन्हा वर आली. ती मेली नव्हती. वाट पाहत होती.

येथे वाचकांचा असा समज होऊ नये की, भुंगेरे आणले म्हणजे चिंता मिटली. जलपर्णीसाठीही असे कीटक १९८० नंतरच्या दशकात आणले गेले. कोठे यश आले, कोठे आले नाही. जेथे गावाचे सांडपाणी अखंड पाण्यात येते, तेथे ती खाल्ली जाते त्याहून वेगाने वाढते. आळंदीच्या इंद्रायणीची आणि कोल्हापूरच्या रंकाळ्याची दशा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. आणि देवळांच्या बाबतीत आणखी एक कटू सत्य सांगितले पाहिजे. निर्माल्य, तेल, पीठ आणि उष्टे अन्न तळ्यात टाकणे म्हणजे ह्या पाहुणीला रोज ताट वाढणे होय.

आपले आणि परके

ह्यावर कोणी म्हणेल, मग परके तेवढे वर्ज्य आणि देशी तेवढे ग्राह्य, असा सरळ नियम करावा. तो नियम बहुतांशी उपयोगी आहे, परंतु पुरेसा नाही. आपल्या शेवाळांपैकी हायड्रिला ही वनस्पती येथल्या माशांमध्ये व पाखरांमध्ये आपल्या मर्यादेत नांदते. तीच १९५० नंतर सिंहलद्वीपातून काचेच्या मत्स्यपेट्यांच्या व्यापारात फ्लॉरिडाला गेली आणि तेथील सरोवरांचा काळ ठरली. म्हणजे त्यांनी आपल्याला जलपर्णी दिली आणि आपल्या बाजूने हायड्रिला गेली. हिशेब चुकता झाला! दोष वनस्पतीचा नव्हे. ज्या घरात तिला आवरणारे कोणी नाही अशा घरात तिला नेणाऱ्या हाताचा तो दोष होय.

देशी वनस्पतीही तळे गिळू शकते. उथळ तळ्यात पाणकणीस मोकळे सोडले तर काही वर्षांत तेथे पाणी न राहता दलदल होते. कमळाचे कंदही चिखलात चहूकडे धावतात. गोंडाळ म्हणजे अमरकोशाच्या वारिवर्गातील वारिपर्णी किंवा कुंभिका. ती आपल्याकडे प्राचीन काळापासून आहे, परंतु तीही साचलेल्या पाण्यावर बघता बघता पसरते. हत्तीरोगाचा प्रसार करणाऱ्या एका जातीच्या डासांच्या अळ्या तिच्या व जलपर्णीच्या मुळांना चिकटून त्यांतून हवा घेतात. म्हणून देवळाच्या पाण्यात ती राहू देणे हिताचे नाही. ह्या प्राचीन कुंभिकेचेच 'जलकुंभी' हे नाव हिंदीत पुढे परक्या जलपर्णीलाही मिळाले. नावांची गल्लत होते ती अशी.

निवड कशी करावी

आता व्यवहाराचे बोलू. अनुभवाने आणि वाचनाने आमचे जे मत बनले ते पुढीलप्रमाणे.

पहिली गोष्ट, रोपाचे शास्त्रीय नाव लेखी मिळाल्यावाचून ते स्वीकारू नये. आम्ही आता अशा ठरावांच्या मसुद्यात ही अट घालतो. 'निळे कमळ' हे नाव नव्हे. खरे कमळ पांढरे वा गुलाबी असते. निळे ते उत्पल, म्हणजे निम्फिया कुळातील. अमरकोशकाराने कमळ, उत्पल आणि कुमुद ह्यांची नावे वेगळी दिली आहेत. ती शिस्त आपण सोडली.

दुसरी गोष्ट, मुळे चिखलात रोवणारी वनस्पती घ्यावी, मोकळी तरंगणारी घेऊ नये. रोवलेली वनस्पती फार खोल पाण्यात जात नाही. म्हणजे तळ्याची खोली हेच तिचे कुंपण होते. तरंगणारीला कुंपण नाही. वारा आणि पूर नेतील तेथे ती जाते.

तिसरी गोष्ट, तुटलेल्या लहानशा तुकड्यापासून जी पुन्हा वाढते तिच्यापासून दूर राहावे. साल्व्हिनियाला प्रजननक्षम बीजुके होतच नाहीत. सारा प्रसार तुकड्यांनी झाला आहे. २०२० साली केरळात कोझिकोडे जिल्ह्यातील पेरांब्राजवळ एका कालव्यात कबोंबा नावाच्या दक्षिण अमेरिकन पाणवनस्पतीला गुलाबी बहर आला. तो पाहण्यासाठी माणसांची रीघ लागली. एवढ्या गर्दीत कोणी एखादी डहाळी घरच्या तळ्यासाठी नेली, तर न्यू ऑर्लिन्सची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

चौथी गोष्ट, नवे रोप थेट तळ्यात सोडू नये. महिनाभर वेगळ्या टाकीत किंवा घंगाळात ठेवून पाहावे. त्याच्या मुळांशी दुसऱ्या कोणाचा अंकुर, गोगलगाईची अंडी किंवा साल्व्हिनियाचे पान चिकटून येते, ते तेथेच उघडकीस येते. मत्स्यपेटीतील पाणी, मासे व वनस्पती तळ्यात ओतण्यास स्पष्ट मनाई असावी.

पाचवी गोष्ट, पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग सदैव उघडा राहिला पाहिजे. पाण्याला ऊन आणि वारा लागला नाही तर मासे गुदमरतात आणि डास माजतात. पावसाळ्यापूर्वी सांडव्याला जाळी बसवावी व ती रोज साफ करावी, म्हणजे आपले वैभव शेजाऱ्याच्या शेतात जाणार नाही.

मग लावावे काय? मध्यभागी कमळ, परंतु मोठ्या कुंडात, म्हणजे कंद आवरता येतात. उथळ बाजूला देशी कुमुद आणि निळे उत्पल. गोमंतकाच्या तळ्यांतील साळके आपण लहानपणापासून पाहिली आहेत. देवाला ती जितकी प्रिय तितकीच ह्या पाण्याला मानवणारी. बी किंवा कंद आणावयाचे तर शहराच्या रोपवाटिकेपेक्षा शेजारच्या गावच्या तळ्यातून मागून आणावेत. काठाच्या ओल्या मातीत वेखंड आणि ब्राह्मी लावावी. दोन्ही औषधी, आणि वाढल्या तर घरोघर वाटून संपणाऱ्या. पाण्याखाली फितीसारखी पाने असलेले व्हॅलिस्नेरिया हे गवत माशांना आसरा देते. पाणकणीस हवेच असेल तर एका कोपऱ्यात, दगडी वाफ्यात बांधून. जलपर्णी, साल्व्हिनिया, कबोंबा आणि काठाला माजणारी बेशरम ह्यांना दारातूनच परत पाठवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दसऱ्यानंतर, कोणी तरी पाण्यात उतरून पाहिले पाहिजे. ज्या समितीजवळ हे करणारा माणूस नाही, तिने काहीही लावू नये. काठावरच्या चिखलात आपोआप जे येईल ते पुष्कळ आहे.

बांदोड्याच्या नागेशीच्या देवळात इ. स. १४१३ चा शिलालेख आहे. तो दानाचा लेख आहे. दान देणारे गेले, राज्ये गेली, तरी देवळापुढची तळी आज पाणी धरून आहे. आपण आज तळ्यात जे लावू त्याची फळे शंभर वर्षांनी कोणी तरी भोगणार आहे, आणि त्याला आपला ठराव वाचावयास मिळेलच असे नाही. त्याला तळे मात्र वाचता येईल.

ज्या शेतकऱ्याने आम्हाला ते वाक्य ऐकविले ते आता हयात नाहीत. गेल्या वर्षी त्याच तळ्याचा विचार पुन्हा निघाला तेव्हा समितीने रोपांची निवड करण्याचे काम त्यांच्या मुलाकडे सोपविले. खालच्या शेताचा मालक वरच्या तळ्याचा राखणदार झाला. उत्सर्गाच्या कल्पनेला अधिक अनुरूप अशी व्यवस्था आम्हाला तरी सुचली नसती. त्यांनी पहिल्या वर्षी काहीच लावले नाही. फक्त पाहत राहिले. ह्या पावसाळ्यानंतर उथळ बाजूला पाच-सहा पांढरी कुमुदे आपण होऊन वर आली आहेत.